बाली तेवढी आपली, बाकीचा इंडोनेशिया परका?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी शाळेत चित्रकला शिकवते. येत्या मे महिन्यात आम्ही पाच जण इंडोनेशियाला जायचं म्हणतोय: मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. हाताशी अकरा दिवस आहेत. नवऱ्याचं म्हणणं, "एवढा खर्च करून पुन्हा कोण जाणार? एकदाच सगळं बघून घेऊ." त्याच्या यादीत जकार्ता, योग्याकर्ता, ब्रोमो ज्वालामुखी, बाली, कोमोडो आणि शेवटी सुमात्रातले ओरांगउटान आहेत. सासूबाई ६९ वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार आणि पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. त्या म्हणतात, "फक्त बाली. तिथे आपली माणसं आहेत, जेवणाची पंचाईत होणार नाही. बाकी सगळा मुसलमानी मुलूख." नातेवाईकही तेच घोकतात. टूर कंपनीचं सहा रात्रींचं पॅकेज आलंय, रोज रात्री भारतीय जेवण. मला जमलं तर बाटिक बघायचं आहे, पण ते काही महत्त्वाचं नाही. सासूबाईंनी विचारलंय, तिथल्या देवळात साडी चालते का? मी कोणाचं ऐकू?

*

ताई,

तुमच्या पत्रात दोन बाजू आहेत आणि तुम्हाला त्यातली एक निवडायची आहे. मला दोन्ही बाजूंची गृहीतकंच पटलेली नाहीत. आधी तुमच्या नवऱ्याची यादी घेते, कारण ती सोपी आहे.

इंडोनेशिया म्हणजे १७,००० हून अधिक बेटं. पश्चिमेच्या सबांगपासून पूर्वेच्या मेराउकेपर्यंत ५,००० किलोमीटरच्या वर अंतर, म्हणजे आपल्या काश्मीर ते कन्याकुमारीच्या दीडपट. देशात तीन वेगवेगळ्या वेळा आहेत आणि सातशेहून अधिक भाषा. नवऱ्याच्या यादीतला फक्त शेवटचा तुकडा बघा. कोमोडोसाठी उतरायचं फ्लोरेस बेटावरच्या लाबुआन बाजोला आणि ओरांगउटानसाठी सुमात्रातल्या मेदानला. या दोघांमधलं अंतर मुंबई-गुवाहाटीपेक्षाही जास्त आहे. मध्ये विमान बदलायचं, मेदानहून पुढे बुकित लावांगपर्यंत तीन-चार तास रस्ता, आणि तिथून जंगलात चढउतार. हे सगळं दोन दिवसांत, सासूबाईंचे गुडघे घेऊन! नागालँड, केरळ आणि लडाख अकरा दिवसांत दाखवतो असं कोणी म्हणालं, तर तुमचा नवराच आधी हसेल.

त्याची "पुन्हा कोण जाणार" ही भीती मात्र खरी आहे, तिची थट्टा करू नका. आपल्याकडे परदेशप्रवास अजूनही लग्नासारखा होतो: एकदाच करायचा, सगळ्यांना न्यायचं, काही राहायला नको. पण यादीतली सहा ठिकाणं केली तर अकरा दिवसांतले निदान चार दिवस विमानतळ, धक्के आणि सामानाच्या पट्ट्यांपाशी जातील. त्याला हा हिशेब एका कागदावर मांडून दाखवा, वाद घालायची गरज पडणार नाही. जकार्ता आणि सुमात्रा या वेळी सोडा. (सुमात्रा सुटला म्हणून फार हळहळू नका. तिथल्या टोबा ज्वालामुखीची राख आपल्या जुन्नर तालुक्यात, कुकडीकाठच्या बोरी गावात सापडलेली आहे. म्हणजे सुमात्राच एकदा आपल्याकडे येऊन गेलाय.)

आता सासूबाईंचं म्हणणं. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण अशी पत्रं पुष्कळ येतात. बाली हिंदू, म्हणून आपली, म्हणून जेवणाची सोय. ही साखळी दुसऱ्याच कडीला तुटते.

बालीतले बहुसंख्य लोक हिंदू आहेत हे खरं. पण हिंदू म्हणजे शाकाहारी हे समीकरण आपल्या घरातलं आहे, त्यांच्या नाही. अख्खं भाजलेलं डुकराचं पिल्लू, बाबी गुलिंग, हे तिथलं सणासुदीचं पक्वान्न. लावार नावाची कोशिंबिरीसारखी दिसणारी भाजी असते, तिच्यात खिमा आणि पुष्कळदा रक्तही घालतात. नैवेद्यातही मांस असतं. सासूबाईंनी "आपली माणसं" म्हणून विश्वासानं एखाद्या घरगुती खाणावळीत ताट मागवलं, तर पंचाईत तिथेच होईल. देवळंही आपल्यासारखी नाहीत. पुष्कळ ठिकाणी गाभाऱ्यात मूर्ती शोधाल तर सापडणार नाही. दगडी उंच सिंहासन रिकामं असतं, देव पूजेच्या वेळी तिथे येऊन बसतो अशी श्रद्धा. आतल्या अंगणात पर्यटकांना बहुधा सोडत नाहीत, ते पूजा करणाऱ्यांसाठी असतं. पाळी चालू असलेल्या बायकांनी आत येऊ नये अशी पाटी दारावर दिसेल. ती पटली नाही तर बाहेरून बघून पुढे जा, दारात वाद घालू नका.

आणि मुसलमानी मुलूख म्हणून ज्या जावा बेटाला त्या नको म्हणतात, तिथे काय आहे? योग्याकर्ताजवळ प्रांबाननचं देऊळ, नवव्या शतकातलं. मधलं शिवमंदिर ४७ मीटर उंच. त्याच्या चार दालनांत शिव, अगस्ती, गणपती आणि महिषासुरमर्दिनी. कठड्याच्या आतल्या अंगाला रामायण कोरलेलं आहे, देवळाला प्रदक्षिणा घालत ते क्रमानं वाचत जायचं. समोरच्या रंगमंचावर १९६१ पासून रामायणाचं नृत्यनाट्य होतं. पाऊस नसतो तेव्हा, मे ते ऑक्टोबर, ते उघड्यावर करतात आणि मागे उजळलेली देवळं दिसतात. तुमचे दिवस नेमके त्यात बसतात. रोज खेळ नसतो, तेव्हा वार बघून मुक्काम ठरवा. राम, सीता, हनुमान साकारणारे बहुतेक कलाकार मुसलमान असतात, आणि त्यांना यात काही विशेष वाटत नाही. सासूबाईंना भाषेचा एक शब्द कळायची गरज पडणार नाही. बसल्या जागी बघायचं.

त्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. जावातल्या छायाबाहुल्यांच्या महाभारतात द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको असते. आणि पांडवांसोबत सेमार नावाचा एक ढेरपोट्या सेवक आपल्या पोरांना घेऊन हिंडत असतो, तो व्यासांना ठाऊकच नव्हता. तिथल्या लोकांना तो अर्जुनापेक्षा लाडका. "हे चुकीचं आहे" असं वाटाड्याला सांगायचा मोह होईल. घरात कोणालाही झाला तरी आवरा. हजार वर्षं ती गोष्ट त्यांनी आपल्या पद्धतीनं सांगितली आहे. तसंच ते नोटेवरच्या गणपतीचं. १९९८ सालच्या वीस हजारांच्या नोटेवर गणपती होता खरा, पण ती नोट केव्हाच चलनातून गेली. व्हॉट्सॲपवर मात्र ती अजून चालते. तिथल्या दुकानात जाऊन मागू नका.

भीतीबद्दलही बोलू. देशातले सुमारे ८७ टक्के लोक मुसलमान आहेत. शरियतचा कायदा लागू असलेला प्रांत एकच, सुमात्राच्या टोकाचा आचे, आणि तिथे तुम्ही जातच नाही आहात. सरकारी मान्यता सहा धर्मांना आहे, त्यांत हिंदू धर्मही आहे. योग्याकर्ताच्या रस्त्यावर डोक्याला रुमाल बांधलेल्या आणि न बांधलेल्या मुली एकाच स्कूटरवरून कॉलेजला जाताना दिसतील. पहाटे अजानीचा आवाज खोलीत येईल, हलकी झोप असेल तर कापूस न्या. सामानात हेल्मेटचा विचार ठेवा, कारण परदेशी पाहुण्यांना तिथे धर्मापेक्षा स्कूटर जास्त नडते. आपल्या साध्या परवान्यावर दुचाकी चालवता येत नाही. दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि तो नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. तुमच्या नवऱ्याला बालीत स्कूटर भाड्यानं घ्यायची हुक्की येणार, त्याच्या आधी हे त्याला वाचून दाखवा.

जेवणाचं आता नीट सांगते, कारण शाकाहारी वाचकांचा जीव इथेच अडकलेला असतो. योग्याकर्ता हे गुडेगचं गाव. कच्चा फणस, नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून तासन्‌तास शिजवतात, गोडसर लागतो. फणसाची भाजी म्हटल्यावर सासूबाई खुश होतील, पण ताट जसंच्या तसं घेऊ नका. त्यात कोंबडी आणि अंडं तर दिसतंच, पण क्रेचेक नावाची तिखट तुकड्यांची जी भाजी वाढतात, ते गुरांचं कातडं असतं. दिसायला ते भिजलेल्या पापडासारखं, त्यामुळे ओळखू येत नाही. शिवाय फणसाला कोंबडीचा रस्सा लागलाय का, हे विचारूनच घ्या. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, हा मूळचा जावाचाच पदार्थ. तो आणि टोफू गल्लोगल्ली मिळतात. गाडो-गाडोत उकडलेल्या भाज्या आणि शेंगदाण्याची चटणी असते, ती आपल्या जिभेला लगेच रुचते.

खरा चोर आहे तेरासी, कोळंबी आंबवून केलेला काळपट गोळा. शेंगदाण्याच्या चटणीत, सांबाल नावाच्या मिरचीच्या चटणीत, पालेभाजीत कुठेही चिमूटभर पडतो, आणि पुष्कळ स्वयंपाक्यांच्या लेखी तो मांसाहार नव्हेच. त्यामुळे नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही. "तान्पा तेरासी, तान्पा इकान, तान्पा आयाम, तान्पा तेलुर" हे पाठ करा: कोळंबीचा गोळा, मासा, कोंबडी आणि अंडं नको. चिनी बौद्धांची शाकाहारी हॉटेलंही शहरांत असतात. तिथल्या ताटात मासा दिसला तर घाबरू नका, तो सोयाबीनचा असतो. एवढं करूनही कढई वेगळी मिळणार नाही. ज्यांना तेवढंही चालत नाही, त्यांच्यासाठी बालीतल्या मुक्कामी स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घ्या, आणि भाजणी, मेतकूट, उपम्याचं पीठ बॅगेत ठेवा. तिथे गोल दोन पिनांचा प्लग लागतो. तो नसला तर इलेक्ट्रिक किटली नुसतीच मिरवावी लागेल. नळाचं पाणी दात घासायलाही वापरू नका.

तर बेत असा करता येईल. सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलून थेट योग्याकर्ताला उतरा, आणि परतीचं तिकीट बालीहून काढा. जाण्या-येण्याची गावं वेगळी असली तर मागे फिरायचा एक दिवस वाचतो. नवा विमानतळ शहरापासून लांब आहे, पण तिथून थेट गावातल्या तुगू स्टेशनला रेल्वे जाते. योग्याकर्ताला चार रात्री राहा. तिथून बालीचं विमान दीड तासाचं आहे. बालीला सहा रात्री: दोन उबुदला, चार सानूरला. बालीत रेल्वे नाही आणि रस्ते अरुंद आहेत. तीस-पस्तीस किलोमीटरला दीड-दोन तास सहज जातात, तेव्हा दिवसाला एकच ठिकाण ठेवा. सानूर मी सासू-सासऱ्यांसाठी सुचवते. किनाऱ्याला लागून फरसबंद सपाट वाट आहे, समुद्र शांत, पहाटे चालायला उत्तम.

योग्याकर्ताजवळच्या बोरोबुदुर या भव्य बौद्ध स्तूपाचं तिकीट आधीच काढा. आवारात हिंडायचं तिकीट वेगळं आणि स्तूपावर चढायचं वेगळं. चढणाऱ्यांची रोजची संख्या ठरलेली असते, वाटाड्या सोबत असतो आणि दगड झिजू नये म्हणून पायात विणलेल्या खास चपला घालायला देतात. सासूबाईंनी खाली सावलीत थांबावं. बहुतेक वर्षी मे महिन्यात बुद्धपौर्णिमा असते आणि त्या दिवशी तिथे भिक्षूंचा मोठा सोहळा होतो. बघायला सुंदर, पण ज्येष्ठांना त्या गर्दीत नेऊ नका.

इथे आणखी एक गृहीतक मला खटकतं: कुटुंब गेलं म्हणजे पाचही जणांनी सगळं एकत्रच बघायचं. का बरं? सानूरच्या चार रात्रींतली एक रात्र बापलेकाला मोकळी द्या. बालीहून लाबुआन बाजोचं विमान तासा-सव्वा तासाचं आहे. तिथून बोटीनं कोमोडो राष्ट्रीय उद्यानात जाता येतं, तिथे तीन मीटरपर्यंत वाढणारी घोरपड रेंजरच्या सोबतीनं बघायची. तेरा वर्षांच्या मुलाला वडिलांबरोबर एकट्यानं असा दिवस पुन्हा मिळेलच असं नाही. आणि नवऱ्याच्या यादीतली एक वस्तू तरी त्याच्या मनासारखी पदरात पडते. मग ब्रोमो मात्र त्याला सोडावा लागेल. तिथे मध्यरात्री उठून जीप, थंडी, वाळू आणि विवरापर्यंतच्या पायऱ्या, आणि योग्याकर्ताहून जायला सगळा दिवस. दोन्ही होणार नाहीत, कोणतं ते त्यानं ठरवावं.

आता तुमचं बाटिक. पत्राच्या अगदी शेवटी, "ते काही महत्त्वाचं नाही" अशी शेपूट लावून तुम्ही ते लिहिलंय. ताई, अहो, चित्रकलेची शिक्षिका योग्याकर्ताच्या दाराशी जाऊन बाटिक न बघता परत येणार असेल, तर मला तुमच्या विद्यार्थ्यांची काळजी वाटते. १९२७ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जावा-बालीला जाऊन आले, त्यानंतर ही कला शांतिनिकेतनात रुजली, आणि हळूहळू आपल्या शाळांच्या हस्तकलेच्या तासापर्यंत पोचली. आपण मुलांना मेण चुरगाळून रंगात बुडवायला शिकवतो, भेगांच्या जाळीला शाबासकी देतो. जावातली बाई तो कपडा बघून मेण नीट बसलं नाही म्हणेल. तिथे चांटिंग नावाच्या तांब्याच्या चोचीतून वितळलेलं मेण ओतत रेघ काढतात, पुष्कळदा कापडाच्या दोन्ही बाजूंनी. एका लुगड्याला महिने लागतात. योग्याकर्ताची ओळख म्हणजे सोगा नावाचा तपकिरी, निळा आणि पांढरा. तिरक्या लाटांची पारांग ही नक्षी एके काळी राजघराण्याबाहेर कोणी नेसायची नाही. शहराच्या दक्षिणेला इमोगिरीजवळ गिरिलोयो गाव आहे, तिथल्या बायका हातानं बाटिक करतात आणि पाहुण्यांना शिकवतातही. एक पूर्ण दिवस त्यासाठी ठेवा, आणि तो यादीत पहिला लिहा. मालिओबोरो रस्त्यावर एखादा गोड बोलणारा माणूस "कला विद्यालयाचं प्रदर्शन, आजचा शेवटचा दिवस" म्हणून बोलवेल. तो शेवटचा दिवस रोज असतो. हातानं केलेलं, ठशाचं आणि छापील यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कापड उलटं करून बघा, छापील असेल तर मागची बाजू फिकी दिसेल.

टूर कंपनीचं पॅकेज वाईट नाही. घरात कोणालाच ठरवाठरवी करायची नसेल, किंवा सासऱ्यांच्या प्रकृतीचं काही असेल (त्यांच्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत), तर ते घ्या. फक्त बालीच्या आधी योग्याकर्ताच्या तीन रात्री स्वतः जोडा आणि परतीचं तिकीट बदलून मिळतंय का विचारा. रोज रात्री भारतीय जेवणाची अट मात्र काढून टाका. त्या हॉटेलपर्यंत जायला-यायला संध्याकाळचे दोन-दोन तास जातात.

कागदपत्रांचं पटकन सांगते. पासपोर्ट सहा महिने वैध हवा. आपल्याला पोचल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, माणशी ५ लाख रुपिया, आणि तो आधी ऑनलाइन काढला तर रांग टळते. बालीसाठी २०२४ पासून माणशी दीड लाख रुपियांचा वेगळा पर्यटक कर आहे. शून्यं बघून दचकू नका, एक लाख रुपिया म्हणजे साधारण पाचशे-साडेपाचशे रुपये. शेवटच्या विमानाच्या आदल्या दिवशी काही ठरवू नका, आणि विमा घ्याच. हा ज्वालामुखींचा देश आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरेसवरच्या लेवोतोबीच्या राखेमुळे बालीची विमानं रद्द झाली होती. नवऱ्यानं कोमोडो निवडलं, तर त्यांची फेरी परतीच्या दोन दिवस आधी संपायला हवी, ती याचसाठी.

हे वाचून मे ऐवजी डिसेंबरमध्ये जायचं म्हणणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर ते मार्च जावा-बालीत पाऊस असतो. मार्चमध्ये न्येपी हा बालीचा मौनाचा दिवस येतो, त्या दिवशी बालीत विमानतळासकट सगळं बंद, रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. ईदच्या आगेमागे सगळा जावा गावी निघालेला असतो, आपल्या गणपतीतल्या कोकण रेल्वेसारखा, तेव्हा तिकिटांची आशा सोडा.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. साडी चालते. पाय झाकलेले असावेत आणि खांदे उघडे नसावेत एवढंच बघतात, ते साडीत आपोआप होतं. कमरेला मात्र एक पट्टा बांधावा लागतो, तो बहुतेक देवळांच्या दारात देतात. चापूनचोपून नेसलेल्या साडीवर दुसऱ्याचा पट्टा आवडणार नसेल, तर पदराला जुळणारी एखादी ओढणी घरूनच घेऊन जा. तुमच्या नवऱ्याला आणि मुलाला मात्र हाफ पँट घालून गेलं तर वरून लुंगी गुंडाळावीच लागेल.